जर्नलमधला ९४०

पत्र थोडक्यात (पत्रलेखिकेच्या विनंतीवरून नाव-गाव दिलेलं नाही.)

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईनं लिहिलं आहे. त्या पतसंस्थेत कारकून आहेत, यजमानांचं कृषी सेवा केंद्र आहे. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, यंदा अकरावी सायन्सला आहे. लहानपणापासून चौकस. मागच्या महिन्यात फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला लंबकाचा प्रयोग होता, त्यावरून गुरुत्व त्वरण (खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते), म्हणजे ‘जी’ची किंमत काढायची होती. तिचं उत्तर ९४० आलं. सर म्हणाले, ‘९८० यायला पाहिजे, रीडिंग नीट लिहून आण.’ वर्गातल्या इतरांनी ९८० धरून उलटं गणित केलं आणि रीडिंग लावून दिली. हिनं लावली नाहीत. जर्नलवर सही झाली नाही. तेव्हापासून ती घरात गप्प असते, काही विचारत नाही. यजमान म्हणतात, ‘आपल्याकडे विज्ञानाची संस्कृतीच नाही, सगळी पाठांतराची पोपटपंची. परदेशात जन्मली असती तर शास्त्रज्ञ झाली असती. इथे निमूटपणे लिहून द्यायचं आणि मार्क घ्यायचे.’ तिला जिल्ह्याच्या गावी इंटिग्रेटेड (कॉलेज आणि प्रवेश परीक्षेचा क्लास एकत्र असलेल्या) क्लासला टाकावं असं त्यांच्या मनात आहे, प्रवेश अजून बदलून मिळेल असं क्लासवाले सांगतात. आईचे प्रश्न असे: मुलगी हट्टी आहे का? क्लासला टाकलं तर तिची जिज्ञासा मरेल का, आणि नाही टाकलं तर ती मागे पडेल का? शेवटी त्यांनी लिहिलं आहे, ‘मला विज्ञानातलं काही कळत नाही, मी बीए झालेली. पत्राला उशीर झाला, परवा कॅशमध्ये ४० रुपये जास्त येत होते, रात्री आठपर्यंत बसून शोधत होतो.’

---

ताई,

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ४० रुपये जास्त आले. कमीही नाही, जास्त. ते बाजूला काढून ठेवले असते तर त्या दिवशी कुणाला पत्ता लागला नसता. तरी तुम्ही आणि तुमचे सहकारी आठपर्यंत बसलात, एकेक पावती काढून पाहिलीत. का? तर तो आकडा कुठून आला हे कळल्याशिवाय वही बंद करायची नाही, एवढ्यासाठी. तुमच्या मुलीनं प्रयोगशाळेत नेमकं हेच केलं आहे. तिची कॅश ९४० आली, वर्ग म्हणतोय ९८० लिही. तिनं वही बंद करायला नकार दिला. हा हट्ट तिनं कुणाकडून उचलला असेल हे मी तुम्हाला सांगायला नको. ‘मला काही कळत नाही’ हे वाक्य मात्र तिच्यासमोर पुन्हा म्हणू नका, कारण ते खरं नाही.

आता त्या आकड्याकडेच आधी बघू. सगळा प्रश्न तिथे आहे आणि त्याच्याबद्दल घरात कुणीच बोललेलं दिसत नाही.

‘जी’ची किंमत जगभर एकच नसते. विषुववृत्तावर ती साधारण ९७८ सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग असते आणि ध्रुवांवर ९८३. पुस्तकात ९८० किंवा ९८१ छापतात, कारण १९०१ मध्ये एक प्रमाण किंमत ठरवून घेतली गेली, ९८०.६६५. ती साधारण ४५ अंश अक्षांशाच्या हिशेबानं आहे, आणि आपला महाराष्ट्र त्याच्या बराच दक्षिणेला. तुमच्या गावात अगदी काटेकोर उपकरणांनी मोजलं तर उत्तर ९७८ आणि ९७९ च्या दरम्यान येईल. म्हणजे ज्या मुलांनी उलट गणित करून बरोबर ९८० आणलं, त्यांनी दुसऱ्याच प्रदेशाचं उत्तर लिहिलं. कॉलेजच्या लाकडी मीटरपट्टीला हा दोनाचा फरक दिसणार नाही, हे खरं. पण ‘बरोबर उत्तर’ या शब्दाचा दरारा थोडा कमी व्हावा म्हणून सांगितलं.

लंबकाचीच एक गोष्ट आहे, ती मुलीला जरूर सांगा. १६७२ मध्ये जाँ रिशेर नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेत, विषुववृत्ताजवळच्या कायेन इथे निरीक्षणांसाठी गेला होता. पॅरिसमध्ये अचूक लावलेलं लंबकाचं घड्याळ तिथे रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. वेळ बरोबर यावी म्हणून त्याला लंबक जवळजवळ तीन मिलिमीटरनं आखूड करावा लागला. परत आल्यावर ‘उष्णतेनं दांडा लांबला असेल, मोजण्यात ढिलाई झाली असेल’ असं म्हणणारे भेटलेच. पण रिशेरनं रीडिंग पॅरिससारखी लावून घेतली नव्हती. पुढे १६८७ मध्ये न्यूटननं तीच नोंद पुरावा म्हणून वापरली: पृथ्वी मध्यावर फुगलेली आहे, म्हणून तिथे गुरुत्व थोडं कमी भरतं. मागे पडणाऱ्या घड्याळातून पृथ्वीचा आकार कळला.

याचा अर्थ तुमच्या मुलीच्या ९४० मध्ये काही मोठा शोध दडला आहे असा नाही. तिच्या मापनात चूक आहे, आणि हे तिला स्पष्ट सांगायला हवं. ९७८ आणि ९४० मधला फरक चार टक्क्यांचा आहे. पण ही चूक शोधण्याजोगी आहे, तुमच्या ४० रुपयांसारखी. मी बरीच वर्षं ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवलं, त्या अनुभवावरून दोन अंदाज सांगते. लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची असते. मुलं बहुधा दोरा जिथे गाठ मारलेला असतो तिथपर्यंतच मोजतात. ५० सेंटिमीटरच्या लंबकात असे दीड सेंटिमीटर सुटले तर ‘जी’ तीन टक्क्यांनी, म्हणजे तीसेकनं खाली येतो. दुसरं, झोका मोठा दिला जातो. गोळा ३० अंशांपर्यंत ओढून सोडला तर आणखी तीन टक्के जातात. झोका पाच-सात अंशांच्या आत ठेवावा लागतो.

आणि इथे एक फार सुंदर गोष्ट आहे. तिनं लांबी आणि आवर्तकाळाचा (एका पूर्ण झोक्याला लागणाऱ्या वेळेचा) वर्ग यांचा आलेख काढला असेल तर तो नीट बघायला सांगा. रेषा आरंभबिंदूतून जाण्याऐवजी थोडी बाजूनं जात असेल तर लांबीच्या अक्षावर ती जेवढी सरकली आहे तेवढीच लांबी मोजायची राहिली आहे. आणि रेषेच्या चढावरून ‘जी’ काढला तर ही लांबीची चूक त्यात शिरतच नाही. चूक कुठे आणि किती झाली हे तिचाच आलेख सांगतो. उलट गणित करून लावलेल्या रीडिंगचा आलेख यातलं काहीच सांगू शकत नाही, कारण त्यात मोजलेलं काही नसतंच. ज्यांच्या जर्नलवर सही झाली त्यांना हा प्रयोग अजून करायचाच आहे.

सरांचीही बाजू मला माहीत आहे, कारण त्या खुर्चीत मी बसले आहे. एका बॅचला वीस-पंचवीस मुलं, चार-पाच स्टँड, दोन धड स्टॉपवॉच, आणि वर्षाअखेर बाहेरून येणारा परीक्षक. माझ्याकडे एक मुलगा असाच विचित्र रीडिंग घेऊन आला होता. मी म्हटलं, ‘शेजारच्याचं बघून घे आणि पूर्ण कर.’ त्यानं पूर्ण केलं. वर्षभर तो पुन्हा माझ्या टेबलाशी प्रश्न घेऊन आला नाही. मला ते आजही बोचतं. सर वाईट आहेत असं मुलीला वाटू देऊ नका. त्यांनाही कुणी तरी एके काळी ‘लावून आण’ म्हणूनच शिकवलेलं असणार.

आता यजमानांचं म्हणणं. त्यांचा वैताग खरा आहे, पण त्यातल्या दोन गोष्टी मला पटत नाहीत.

एक म्हणजे, हे फक्त आपल्याकडेच होतं हा समज. मिलिकन या अमेरिकन शास्त्रज्ञानं तेलाच्या थेंबांच्या प्रयोगातून इलेक्ट्रॉनवरचा विद्युतभार मोजला, १९२३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांची किंमत थोडीशी कमी आली होती, कारण हवेच्या चिकटपणाचा आकडाच त्यांनी चुकीचा धरला होता. नंतरच्या शास्त्रज्ञांनी पुन्हा मोजलं, तर बरोबर किंमत एकदम आली नाही. ती हळूहळू, थोडी थोडी वर सरकत गेली. रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांपुढे बोलताना याचं कारण सांगितलं: उत्तर मिलिकनपेक्षा फार वेगळं आलं की लोक आपलीच चूक शोधत बसत, जवळपास आलं की शोधणं थांबवत. मोठमोठ्या प्रयोगशाळांतही ‘९८० यायला पाहिजे’ म्हणणारे अदृश्य सर उभे असतात.

दुसरं म्हणजे, पाठांतर आणि परीक्षा असल्या की सर्जनशीलता मेलीच, हा समज. जपानमध्ये प्रवेश परीक्षांचा जाच आपल्याइतकाच जुना आहे, खासगी क्लास गल्लोगल्ली आहेत. तरी २००० नंतर विज्ञानातली वीसेक नोबेल जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना मिळाली. त्यांतले कोइची तानाका हे एका कंपनीतले साधे अभियंते, पीएचडीसुद्धा नाही. एकदा त्यांच्या हातून धातूच्या बारीक भुकटीत भलताच द्रव, ग्लिसरीन, पडला. भुकटी महाग, टाकून द्यायला जिवावर आलं, म्हणून त्यांनी ते मिश्रण वापरून पाहिलं आणि रेणूंचं वस्तुमान मोजायच्या यंत्रात कधी न दिसलेला संकेत दिसला. प्रथिनांचे मोठे रेणू न मोडता मोजायची वाट त्यातून सापडली, २००२ मध्ये नोबेल मिळालं. तानाका काय कमी परीक्षा देऊन मोठे झाले असतील? पण ज्या प्रयोगशाळेत ते काम करत होते तिथे चुकीचं मिश्रण यंत्रात घालून बघायला वेळ होता आणि मुभा होती. मला वाटतं, फरक इथे पडतो. पाढे, सूत्रं, व्याख्या पाठ असण्यानं कुणाचं नुकसान होत नाही. उलट ज्याला ९७८ माहीतच नाही त्याला ९४० विचित्र आहे हे कळणार कसं? नुकसान होतं ते विचित्र आकडा खोडायला लावल्यानं.

आणि ‘आपली संस्कृतीच नाही’ म्हणताना होशंगाबाद विसरू नये. मध्य प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात, आताच्या नर्मदापुरममध्ये, १९७२ साली १६ सरकारी शाळांतून विज्ञान शिकवण्याचा एक निराळा कार्यक्रम सुरू झाला. सहावी ते आठवीची खेड्यातली मुलं. चार-चार जणांच्या टोळ्या करायच्या, साहित्याची पेटी उघडायची, करून बघायचं, आपापल्या वहीत लिहायचं. पुस्तकात प्रश्न आणि प्रयोग असत, उत्तरं छापलेली नसत. परीक्षेला पुस्तक-वही उघडून बसायची परवानगी, कारण नक्कल करण्यासारखं त्यात काही नव्हतंच. पुढे तो शेकडो शाळांत पसरला, तीस वर्षं चालला. २००२ मध्ये राज्य सरकारनं तो बंद केला. बंद झाला याचं मला दुःख आहे. पण तीस वर्षं चालला याचा अर्थ आपल्या मातीत हे उगवत नाही असं म्हणायला जागा नाही. अरविंद गुप्ता यांची काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची खेळणी तिथूनच निघाली, पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात हजारो मुलांनी ती हाताळली.

संस्कृती म्हटलं की आपण फार लांब बघतो. मला ती घरातल्या शब्दांत दिसते. आगाऊ, अतिशहाणी, उलट उत्तर देते, फाटे फोडते, नसती चौकशी. प्रश्न विचारणाऱ्या मुलासाठी आपल्या बोलीत किती शब्द आहेत बघा, आणि त्यांतले कौतुकाचे किती. मुलगी म्हटल्यावर तर ते अधिकच सढळपणे वापरले जातात.

याच्या उलट चित्रही मराठी घरातलंच आहे. जयंत नारळीकरांचं बालपण बनारसला गेलं, वडील तिथे विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. घरात भिंतीवर फळा होता. शिकायला येऊन राहिलेले मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, त्या फळ्यावर जयंतसाठी आव्हान म्हणून एक कोडं लिहून ठेवत. उत्तर ते सांगत नसत. जयंतला सुटेपर्यंत किंवा त्यानं हार मानेपर्यंत गणित फळ्यावर तसंच राही. मला त्यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो न पुसलेला फळा. घरातल्या येण्याजाण्याच्या जागी एक न सुटलेली गोष्ट दिवसचे दिवस राहू दिली गेली, आणि कुणी ‘झालं का?’ म्हणून मागे लागलं नाही. पुढे नारळीकर मोठे झाल्यावर मुलं सही मागत तेव्हा ते म्हणत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. तुमच्या घरात प्राध्यापक नसतील, फळा तर आणता येतो. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा छोटासुद्धा चालेल.

तिच्या गप्प होण्याला आणखी एक कारण असू शकतं, ते तुमच्या पत्रात सहज येऊन गेलं आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि आता सगळं इंग्रजीत. मराठी माध्यमातली हुशार मुलं अकरावीच्या पहिल्या सहा महिन्यांत गप्प होताना मी दरवर्षी पाहिली आहेत. शंका असते, पण ती इंग्रजीत मांडेपर्यंत सर पुढच्या मुद्द्यावर गेलेले असतात. घरी तिला सगळं मराठीत समजावून सांगायला सांगा, तुम्हालाच. तुम्हाला जिथे कळणार नाही तिथे बहुतेक वेळा तिलाही पुरतं कळलेलं नसतं, आणि ते तिचं तिलाच दिसेल. इंग्रजी शब्द मागाहून बसतात.

जर्नलचं काय करायचं? माझं मत स्पष्ट आहे: खोटी रीडिंग लिहू नयेत. पण ९४० लिहून ‘मी खरी आहे’ म्हणत बसणंही पुरेसं नाही. तिनं सरांकडे जावं आणि विनंती करावी, ‘सर, माझी लांबी मोजण्यात चूक झाली असं वाटतंय, मोकळ्या तासाला पुन्हा करू का?’ बहुतेक शिक्षक याला नाही म्हणत नाहीत, माझा अनुभव आहे. नवी रीडिंग पुढच्या पानावर लिहावीत, जुनं पान फाडू नये. खाली दोन ओळींत लिहावं की आधी किती आलं होतं आणि चूक कुठे सापडली. मोजूनमापून ९७० किंवा ९९० आलं तर तेच राहू द्यावं. बोर्डात फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला ३० गुण असतात. एका प्रयोगात एखादा गुण गेला तर जाऊ द्या. सर ऐकतच नसतील तर तुम्ही दोघं एकदा शांतपणे भेटून या. तक्रार घेऊन जाऊ नका, तिला पुन्हा करायची संधी मागायला जा.

इंटिग्रेटेडबद्दल. अशा ठिकाणी कॉलेज बहुतेक कागदावर असतं, दिवस सगळा क्लासमध्ये जातो आणि प्रॅक्टिकलं परीक्षेच्या तोंडावर उरकली जातात. सगळीकडे असंच असतं असं मी म्हणणार नाही, म्हणून यजमानांनी पैसे भरण्याआधी तिथल्या बारावीच्या चार मुलांना गाठून विचारावं की तुम्ही प्रयोगशाळेत शेवटचे कधी गेला होता. त्यांच्या उत्तरावर ठरवा. जेईईच्या अभ्यासाला मी शत्रू मानत नाही. चांगलं अवघड गणित तासभर डोक्यात घोळवण्यात बुद्धीची कसरत आहेच, आणि तुमच्या मुलीला ती आवडेलही. पण ज्या मुलीला हातानं मोजलेला आकडा खोडवत नाही, तिच्याकडून प्रयोगशाळाच काढून घेणं मला योग्य वाटत नाही. तिला विचारलंत का, तिला काय हवं आहे? पत्रात तुमचं आणि यजमानांचं मत आहे, तिचं नाही. माझा कल असा: कॉलेज आहे ते राहू द्या, परीक्षेसाठी शनिवार-रविवारचा किंवा ऑनलाइन क्लास लावा, आणि अकरावीच्या अखेरीस पुन्हा बघा. ती मागे पडते आहे असं तेव्हा तिलाच वाटलं तर विचार बदलायला लाजू नका.

आणि संशोधनाकडे जायला परदेशीच जन्मावं लागतं असं नाही. पुण्यात २००६ पासून आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, त्याच्या प्रवेशासाठी आयएटी ही वेगळी परीक्षा असते. मुंबई विद्यापीठाच्या कलिना आवारातल्या सीईबीएस आणि भुवनेश्वरच्या नायसर या मूलभूत विज्ञानाच्या संस्थांसाठी नेस्ट परीक्षा असते. साध्या कॉलेजातून बीएस्सी करणाऱ्यांसाठीही मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा उपक्रम आहे, त्यात पदवीच्या मुलांना शास्त्रज्ञांबरोबर काम करायला मिळतं. ही नावं जेईई-नीटच्या गलक्यात तालुक्याच्या गावांपर्यंत पोचत नाहीत, म्हणून इथे मुद्दाम लिहिली. परदेशाचं पीएचडीच्या वेळी बघता येईल, सोळाव्या वर्षी नको.

या रविवारी एक करा. घरात पाळण्याची कडी असेल, नाहीतर चौकटीला खिळा असेल. त्याला बारीक दोरा बांधून खाली एखादं वजनदार कुलूप लटकवा, कडीपासून कुलपाच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर. छोटासा झोका द्या. ५० झोक्यांना १०० सेकंदांच्या जरासं वर लागायला हवेत. मग दोरा ८०, ६०, ४० सेंटिमीटर करत जा आणि तिला तिची वही काढायला सांगा. यजमानांना पट्टी धरू द्या. मोबाइलवर वेळ मोजायचं काम तुम्ही घ्या, कॅश मोजणारी नजर आहे तुमची. फक्त सुरुवात करताना ‘एक’ म्हणू नका. कुलूप सुटताना ‘शून्य’ म्हणायचं, आणि ते एक पूर्ण फेरी मारून परत आलं की ‘एक’.